पल्लावरमचा रंधा

मंडळी, मागच्या लेखात लेहच्या थंडीत पहाटे डोझर सुरू करताना कशी फजिती व्हायची ते लिहिलं होतं. आज एकदम नकाशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. चेन्नई. माझ्या नोकरीतली शेवटची पोस्टिंग. इथे बर्फ नाही, ऑक्सिजनची कमतरता नाही. चढाई म्हणाल तर परंगीमलैची, म्हणजे सेंट थॉमस माउंटची, आणि तीही पायऱ्यांनी. तरीसुद्धा एका चौदा इंची लोखंडी वस्तूनं मला इथे सात महिने जेरीस आणलं. ती वस्तू म्हणजे सुताराचा रंधा.

सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरम मिळून एकच कॅन्टोन्मेंट आहे. पल्लावरमला ओल्ड ट्रंक रोडवर दर शुक्रवारी बाजार भरतो. पूर्वी हा गुरांचा बाजार होता. आता तिथे भाजी आणि रोपांपासून ते बंद पडलेली घड्याळं, पितळी समया, मिक्सरची भांडी, सायकलची चाकं असं काय वाट्टेल ते रस्त्यावर मांडलेलं असतं. ड्युटी संपली की मी पिशवी घेऊन चक्कर मारायचो. मार्चमधल्या अशाच एका शुक्रवारी, कुकरच्या झाकणांच्या ढिगाखाली, मला एक ओळखीची मूठ दिसली.

ओढून काढला तर लोखंडी रंधा. गंजानं इतका माखलेला की मातीतून उकरल्यासारखा. मूठ मधोमध चिरलेली, तिला निळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. अंगठ्यानं गंज खरवडला तेव्हा आतून निळ्या रंगाचा पोपडा दिसला आणि अक्षरं उमटली. रेकॉर्ड. इंग्लंडमधल्या शेफील्डचा माल. ही कंपनी 1931 पासून असे रंधे बनवायला लागली. मूळ रचना मात्र अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली या माणसाची, 1860 च्या दशकातली. स्टॅन्लीनं ती विकत घेतली आणि पुढे जगभर तिच्याच आवृत्त्या निघाल्या. पण माझा हात थांबला तो पात्यावरच्या खुणेपाशी. बाणाचं टोक असावं तशी छोटी तीन रेघांची खूण. जुन्या ब्रिटिश सरकारी मालावर, रायफलपासून फावड्यापर्यंत, हीच खूण ठोकलेली असायची. म्हणजे गडी कधीकाळी सरकारी नोकरीत होता. माझ्यासारखाच.

विकणाऱ्यानं आठशे सांगितले. मी तीनशे म्हटलं. साडेचारशेला सौदा झाला. घरी आणून वर्तमानपत्रावर ठेवला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पैसे तुम्ही दिलेत की त्यानं?"

आता या वयात रंधा कशासाठी, ते सांगतो.

मी सुताराचा मुलगा. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. नांगर, कुळव, तिफण, बैलगाडीची चाकं हे त्यांचं काम, आणि सुगीला खळ्यावर बलुतं. मी शाळेत होतो तोवर लोखंडी नांगर आले, मग ट्रॅक्टर आले आणि बलुतं संपलं. आमच्या भागातली पोरं जिथे जातात तिथे मीही गेलो. भरती झालो, बॉम्बे सॅपर्समध्ये, खडकीला. सुताराच्या पोराला करवत मिळेल असं अण्णांना वाटलं होतं. फौजेनं माझ्या हातात डोझर दिला. सगळी नोकरी डोंगर कापण्यात गेली. हाताला लाकडाची सवय राहिली नाही.

अण्णांचा एक रंधा होता. बाभळीचा, त्यांच्या वडिलांनी केलेला. मूठ धरण्याच्या जागी दोन पिढ्यांच्या तळव्यांनी खळगा पडलेला, कुशी तेल आणि घामानं काळ्याभोर. 2011 साली अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर बहिणीकडे होते आणि मी सुट्टीवर. मला काय उमाळा आला कोण जाणे. तो रंधा मी घेतला, चारी बाजूंनी काच कागदानं घासून नवाकोरा पिवळाधमक केला, तळही घासून सपाट केला, वार्निशचे तीन हात दिले आणि माझ्या मेडल्सच्या शेजारी काचेच्या कपाटात ठेवला. अण्णा परत आले. त्यांनी रंधा हातात घेतला, उलटा केला, तोंडावरून बोट फिरवलं. म्हणाले, "छान दिसतोय." कपाटात परत ठेवला. त्यानंतर त्यांनी त्याला हात लावल्याचं मला आठवत नाही.

मला वाटलं, खूश झाले.

या माघात माझ्या मुलीचं लग्न आहे. आमच्याकडे नवरा-नवरी पाटावर उभे राहतात आणि मध्ये अंतरपाट धरतात. गावातल्या कितीतरी लग्नांतले पाट अण्णांच्या हातचे. स्वतःच्या नातीचे पाट दुकानातून आणायचे? अण्णा आता ब्याऐंशीचे. हात थरथरतात. मी ठरवलं, पाट मी करणार. चेन्नईत जुनी घरं पाडतात तिथे बर्मा सागाच्या दारांच्या फळ्या मिळतात, तशा दोन आणल्या. राहिला फक्त रंधा. मोटराइज्ड रंधा कुणीही उसना दिला असता. पण मला हातानंच करायचं होतं. सुताराच्या पोराचा हट्ट.

तर पहिला शत्रू, गंज. कुणीतरी सांगितलं, चिंचेच्या कोळात बुडवून ठेवा. इथे एक गंमत झाली. तमिळमध्ये रंध्याला 'इळैप्पुळी' म्हणतात. मी ऐकलं ते 'पुळी', आणि पुळी म्हणजे चिंच एवढं मला किराणा दुकानामुळे माहीत होतं. मला वाटलं, बघा, यांच्या भाषेतच औषध लिहिलंय. पुढे समजलं की 'उळी' म्हणजे पटाशी आणि 'इळैप्पु' म्हणजे गुळगुळीत करणं, चिंचेचा काही संबंध नाही. पण चिंचेनं गंज उतरतो हे मात्र खरं. दोन दिवसांत पाणी काळं झालं आणि खाली राखाडी लोखंड दिसलं. "दोन महिन्यांचं सांबार तुम्ही त्या लोखंडाला पाजलंत," अशी नोंद घरच्या दप्तरी झाली.

आनंद एक रात्र टिकला. सकाळी बघतो तर सगळ्या अंगावर नारिंगी पावडर, आणि त्यात माझ्याच बोटांचे ठसे. चेन्नईची हवा खारी, त्यात आपला घाम. सुकं करून तेल लावल्याशिवाय लोखंड इथे एक रात्रही दम धरत नाही. मग रायफलचा धडा आठवला. चिंदी, तेल, पुन्हा कोरडी चिंदी, पुन्हा तेलाचा पुसट हात. पेटीत कापराच्या चार वड्या ठेवल्या. जुने मेकॅनिक हत्यारांच्या पेटीत कापूर ठेवतात तो देवासाठी नाही, गंजासाठी. हा उपाय शंभर टक्के चालला. सात महिन्यांतली ही माझी पहिली आणि बराच काळ एकमेव जीत.

दुसरा शत्रू, आटे. पातं खाली-वर करणारं एक पितळी चाक मागे असतं. ते जाम होतं. मी दोन दिवस तेल सोडून, गरम पाणी ओतून, पक्कडीनं पिळून बघितलं. हलेना. तिसऱ्या दिवशी कळलं की त्याचे आटे उलटे असतात. सगळं जग उजवीकडे आवळतं, हे डावीकडे. म्हणजे दोन दिवस मी ते सोडवत नव्हतो, आवळत होतो. आयुष्यभर मशिनरीवर काम केलेल्या सुभेदाराला हे कबूल करायला जड जातंय, पण लिहितोय.

मूठ धरणारा बोल्ट तर गेलेलाच होता. नवा आणू म्हटलं, तर आजचा कुठलाही मिलिमीटरमधला बोल्ट त्यात बसेना. जुन्या रंध्यांचे आटे इंचात, आणि तेही आपापल्या वेगळ्याच मापाचे. शेवटी पुदुपेट्टैला गेलो. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी ती प्रसिद्ध वस्ती. तिथल्या एका लेथवाल्यानं जुन्या बोल्टचा तुकडा भिंगातून पाहिला, मान हलवली आणि तासाभरात नवा कातून दिला. मूठ मी शिसवीच्या तुकड्यातून कोरली. तिसऱ्या प्रयत्नात जमली.

तिसरा शत्रू मी स्वतः. खरी गोष्ट इथून सुरू होते.

रंध्याचा तळ सपाट हवा हे सगळ्यांना माहीत असतं. मी स्टीलची पट्टी तळावर आडवी धरून उजेडाकडे बघितलं, तर मधून प्रकाशाची रेघ दिसली. खोलगट होता. स्वयंपाकाचे ओटे बसवणाऱ्याकडून काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा आणला, त्यावर 80 नंबरचा काच कागद क्लिपांनी धरला आणि लागलो घासायला. दगडाचं तर हे गावच. कोलकात्यातल्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरचा दगड याच भागातल्या टेकड्यांतून गेला, आणि त्यावरूनच 1893 मध्ये थॉमस हॉलंड यांनी या खडकाला चार्नोकाइट असं नाव दिलं. एवढंच नाही, 30 मे 1863 रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला पल्लावरमच्या परेड ग्राउंडवरच्या एका खड्ड्यात दगडाचं एक हत्यार सापडलं. गारगोटीसारख्या कठीण खडकाचं, माणसानं घडवलेलं. भारतातल्या पुराश्मयुगाचा पहिला पुरावा तो. म्हणजे या जमिनीवर लाखो वर्षांपूर्वीही कुणीतरी धार नीट लागेना म्हणून वैतागत बसलं असणार. घासताना हा विचार मला बरा वाटायचा.

चार रविवार घासला. 80, मग 150, 220, 400. तळ आरशासारखा झाला. त्यात स्वतःचा चेहरा दिसायला लागला. सॅपर माणूस, चमक दिसली की छाती फुगते. भरतीपासून आम्हाला हेच शिकवलं. बूट चमकला पाहिजे, बक्कल चमकलं पाहिजे, इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री फावड्याच्या दांड्यालासुद्धा पॉलिश. मी स्वतः कितीतरी जवानांना त्यासाठी झापलं आहे. रंधा टेबलावर ठेवून फोटो काढला, तोच मित्रांना पाठवला. सगळ्यांनी वाहवा केली.

मग सागाच्या फळीवर चालवला. थड थड थड थड. पातं थरथरायला लागलं, लाकडावर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे वळ उठले. पातं आत घेतलं तर काहीच निघेना. जरा बाहेर काढलं तर एकदम कुदळीसारखा चावला आणि तोंडात भुसा कोंबून बसला. सोडवा, साफ करा, जोडा, पुन्हा तेच. धार कमी असेल म्हणून दगडावर धार काढली. हातावरचे केस निघतील इतकी काढली. तरी तेच. मे, जून, जुलै हेच चाललं. एका रविवारी मी तो रंधा उचलून आपटायच्या बेतात होतो. आपटला असता तर बिडाचं अंग काचेसारखं तडकलं असतं आणि हा लेखही झाला नसता.

ऑगस्टमध्ये आमच्या क्वार्टरची दारं दुरुस्त करायला एक आसारी आले. इथे सुताराला आसारी म्हणतात. पासष्टीचे असतील, कपाळाला विभूती, पांढरी लुंगी. त्यांच्याकडेही विजेवर चालणारा रंधा होता आणि मोठं काम ते त्यानंच करत. पण दार चौकटीत नेमकं बसवायची वेळ आली तेव्हा पिशवीतून काळाकुट्ट लाकडी रंधा काढला. सर्र. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी वर आली आणि वेटोळं होऊन पायापाशी पडली. मी न राहवून माझा आरसा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चमकेकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून तळावरून अंगठा फिरवला, पुढून मागे. मग माझी स्टीलची पट्टी मागितली, तळावर ठेवली आणि बोटानं एका टोकाला दाबली. पट्टी झोपाळ्यासारखी डोलली.

"निरंबा, सार," ते म्हणाले. फार झालं.

आमचं बोलणं त्यांची मोडकी हिंदी, माझी त्याहून मोडकी तमिळ आणि बाकी हातवारे असं झालं. त्यात जे कळलं ते असं. काच कागद क्लिपांनी धरला तर घासताना तो रंध्यापुढे लाटेसारखा उचलतो, आणि पुढची-मागची टोकं जास्त झिजतात. मी चार रविवार खपून खोलगट तळाचा फुगीर तळ केला होता. खोलगट परवडला, फुगीर नाही. दुसरं, मी पातं काढून तळ घासला. पातं आत ओढून, पण खटका आवळूनच घासायचं, कारण आवळल्यावर लोखंडाचं अंगही केसभर वाकतं. काम करताना जसं असतं तसंच घासताना असायला हवं.

मग त्यांनी खडूनं माझ्या आरशावर तीन रेघा ओढल्या. एक पुढच्या टोकाला, "मूक्कु." एक तोंडाच्या अगदी पुढे, "वाय्." एक मागे, "वाल." नाक, तोंड, शेपूट. या तीन जागा एका पातळीत आल्या की बस. मधला खळगा राहिला तर राहू दे. बाकी ओरखडे, डाग, खड्डे लाकडाला दिसत नाहीत.

"मग थांबायचं कधी?" मी विचारलं.

तीन रेघांवर बोट ठेवत ते म्हणाले, "पोदुम्." पुरे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्यांच्या लाकडी रंध्याचा तळही मी बघितला होता. तोंडाच्या पुढे वेगळ्या रंगाच्या लाकडाचं एक चौकोनी ठिगळ बसवलेलं होतं. विचारलं तर त्यांनी खुणेनं समजावलं. लाकडी रंध्यात पातं तिरपं बसतं, आणि आतली पोकळी वर रुंद, खाली अरुंद असते. तळ जितका झिजेल तितकं तोंड रुंद होतं. तोंड रुंद झालं की ढलपीला दाब राहत नाही, लाकूड उचकटतं. म्हणून तळाला उगाच हात लावायचा नाही, आणि लावावाच लागला तर पुढे नवं ठिगळ बसवून तोंड पुन्हा लहान करायचं.

2011 साली मी अण्णांच्या रंध्याचा तळ घासला होता, चांगला दोन सूत. वर वार्निश. पाचर जिथे दाबून बसते त्या खाचेतही वार्निश, म्हणजे पाचर घसरणार. हाताचा खळगाही घासून बुजवून टाकला होता. तोंडावरून बोट फिरवलं तेव्हाच अण्णांना सगळं कळलं असणार. म्हणून ते म्हणाले, छान दिसतोय. चालतोय असं म्हणाले नव्हते. फौजेच्या भाषेत सांगायचं तर मी एक लढता शिपाई काढून गार्ड ऑफ ऑनरला उभा केला होता, कायमचा.

सप्टेंबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काच कागद ग्रॅनाइटवर चिकटवून टाकला. पातं आत, खटका आवळलेला. तळावर मार्करनं तिरप्या रेघा मारल्या, थोडं घासायचं, उलटून बघायचं, कुठल्या रेघा गेल्या, कुठल्या राहिल्या. फुगीरपणा काढायलाच तीन रविवार गेले. नाक, तोंड, शेपूट. तिथल्या रेघा पुसल्या गेल्या, मधे थोड्या राहिल्या, आणि मी थांबलो. थांबताना हात अक्षरशः सुरसुरत होते. अजून चार हात मारले तर चमकेल, असं मन म्हणत होतं. आता पोदुम्.

थरथरीचं कारण वेगळंच निघालं. पातं ज्या तिरप्या बैठकीवर 45 अंशांत टेकतं, तिला इंग्रजीत फ्रॉग म्हणतात, म्हणजे बेडूक. बेडकाखाली जुन्या गंजाचा आणि रंगाचा थर होता, त्यामुळे तो एका कोपऱ्यावर डुगडुगत होता. खरवडून साफ केला, घट्ट बसला. आणि भुसा अडकायचा तो पात्यावरच्या दुसऱ्या पट्टीमुळे. ही पट्टी ढलपीला वर वळवते. तिची कड पात्याला पूर्ण चिकटली पाहिजे. उजेडाकडे धरून बघितलं तर एका बाजूला केसाएवढी फट होती. तेवढ्या फटीत ढलपी घुसायची आणि तोंड बंद. कड दगडावर घासून फट घालवली, पट्टी धारेपासून अर्धा मिलिमीटर मागे घेतली. पात्याला 25 अंशांची धार, अगदी टोकाला 30. ऑइल स्टोन आणायला पॅरीज कॉर्नरला गेलो तेव्हा तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळच्या देवळातही जाऊन आलो. शिवाजी महाराज 1677 मध्ये इथे दर्शनाला आले होते असं सांगतात, तशी पाटीही आहे. पण हे देऊळ सोनार, सुतार, लोहार अशा विश्वकर्मा समाजाचंही आहे, हे मला आसारींमुळे कळलं. मी दोन्ही नात्यांनी हात जोडले.

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सकाळी युनिटमध्ये शस्त्रपूजा झाली. दुपारी घरी पाटावर रंधा ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि गावी फोन लावला. ऑपरेशननंतर काही वर्षं बरी गेली, पण आता अण्णांची नजर फार अधू झाली आहे. व्हिडिओ कॉलचा त्यांना उपयोग नाही. म्हणून मी फोन फळीशेजारी ठेवला आणि म्हटलं, "अण्णा, नुसतं ऐका." आसारी आमच्याकडे पूजेचं पोंगल खायला आले होते. मी अण्णा म्हणतोय हे ऐकून त्यांना वाटलं, मोठ्या भावाशी बोलतोय. इथे अण्णा म्हणजे मोठा भाऊ.

मी रंधा मारला.

"थांब," फोनमधून आवाज आला. "पातं लई भाईर हाय. लाकूड ओरबाडतंय."

पितळी चाक अर्धा आटा फिरवलं. उलट्या बाजूला, बरं का. पुन्हा मारला.

"एका अंगानं खातंय. डाव्या."

आसारींना भाषा कळत नव्हती, पण त्यांनीही त्याच क्षणी डावीकडे बोट दाखवलं. दोन सुतार, एक सातारला, एक पल्लावरमला, एकमेकांचं तोंड न बघता एकाच आवाजावर बोलत होते. मी खटक्याजवळची दांडी जरा सरकवली, पातं सरळ केलं. श्वास धरला आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेलो.

सर्र.

ढलपी सलग निघाली. वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं दिसत होती. फळीवर हात फिरवला तर सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या सागाचा वास आला, जसा काल कापलाय. फोनवर बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली.

"अण्णा?"

"ऐकतोय," ते म्हणाले. "आता बोलतोय त्यो."

आणि मग, जरा थांबून, तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो विषय काढला. "ह्या बारीला सुट्टीवर आलास का कपाटातल्या माझ्या रंध्याचं ते वार्निश तेवढं काढ. आन् तोंडाला बाभळीचं ठिगळ बसव. एक पाट तुझ्या लोखंडी रंध्यानं कर, एक त्याच्यानं. मी शेजारी बसतो ऐकत."

मी "होय अण्णा" एवढंच म्हणालो. आसारींनी न विचारता पोंगलची ताटली माझ्याकडे सरकवली.

डिसेंबरची सुट्टी मंजूर झाली आहे. पेटीत रंधा, ऑइल स्टोन, कापूर आणि पाटाच्या दोन फळ्या आहेत. लग्नानंतर मार्चअखेर मी पेन्शनवर जाईन. माजी सैनिक मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा जुना रंधा पडून असेल तर जरूर काढा. गंज उतरवा, तेल लावा, नाक-तोंड-शेपूट बघा. पण त्याच्या मालकाला विचारल्याशिवाय वार्निशचा डबा उघडू नका.

जय हिंद.